दफ्तरी लेखनशिक्षण, मराठेकालीन

दफ्तरी लेखनशिक्षण, मराठेकालीन : मराठी राज्यकारभारात पत्रे, सनदा, हिशेब व नोंदी लिहिण्यासाठी कारकुनास मिळणारे व्यावहारिक शिक्षण. पंतोजींची शाळा, घराण्यातील परंपरा आणि दफ्तरातील उमेदवारी यांतून ते प्रामुख्याने मिळे.

या विद्येचे मूळ परंपरेने यादवांचा मंत्री हेमाद्री (तेरावे शतक) याच्याकडे नेले जाते. मोडी लिपीचे प्रवर्तन व कारभारविषयक नियमांची ‘मेस्तके’ यांचे श्रेय त्यास देतात. तथापि त्याविषयी विद्वानांत एकमत नाही.

शाळेत विद्यार्थी धूळपाटीवर अक्षरे गिरवी. पुढे बोरू व शाई वापरून कित्ता घोटून अक्षराला वळण लावी. मोडीत ओळभर शिरोरेषा आधी आखून तिच्याखाली, शक्यतो हात न उचलता, अक्षरे लिहीत. पोथीलेखनाची बालबोध लिपी शिकताना निराळी शिस्त लागे. समर्थ रामदासांच्या दासबोधा तील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास याच विषयाला वाहिलेला आहे. अक्षर आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे असावे, कागदाच्या कडा झिजल्या तरी मजकूर वाचावा म्हणून भोवती जागा सोडावी, तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण ते म्हातारपणी उपयोगी पडत नाही, असा उपदेश त्यात आहे.

दफ्तरात गेल्यावर खरी परीक्षा होई. ‘राजमान्य राजश्री’ कोणास लिहावे, ‘विज्ञापना’ कोणी करावी व ‘आज्ञा’ कोणी, ‘जाणिजे’ असा शेवट कोठे शोभतो, हे मायन्याचे ज्ञान अनुभवी चिटणिसाच्या हाताखाली नकला करूनच येई. मायना चुकल्यास संबंधिताच्या दर्जाला बाध येई. म्हणून लेखकाची चूक ही राजकीय चूक ठरू शके. राज्याभिषेकानंतर (१६७४) शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशा त लेखनासाठी स्वतंत्र वर्ग आहे. फार्सी संज्ञांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. परंतु प्रत्यक्ष दफ्तरातून फार्सी शब्द पूर्णपणे गेले नाहीत.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. पुढे नव्या शाळा, छापील पुस्तके व बालबोध लिपी यांचा प्रसार झाला आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शालेय शिक्षणातून मागे पडली. याचा परिणाम इतिहाससंशोधनावर झाला. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा दाखवीत नसत आणि संक्षेपही पुष्कळ. त्यामुळे केवळ मुळाक्षरे ओळखून कागद लागत नाही, लिहिणाराची रीतही ठाऊक असावी लागते. पुण्यातील पेशवे दफ्तरात व तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचे मोठे संग्रह आहेत. राजवाडे प्रभृतींनी त्यांसारखी साधने वाचून प्रकाशित केली, तरी मोठा भाग अप्रकाशितच आहे. जी विद्या कागद लिहिण्यासाठी शिकविली जाई, ती आता ते वाचण्यासाठी शिकावी लागते.