हरवलेल्या खेळाचे नियम



लखनौच्या मोठ्या इमामवाड्यातील भूलभुलैया आपणांपैकी काहींनी पाहिला असेल. अशाच वाटांच्या गुंत्याशी नाते सांगणारा एक घोडेस्वारीचा खेळ प्राचीन रोममध्ये होता. त्याचे नाव ‘ट्रॉयचा खेळ’. खेळ लोपला. नियमांचे पुस्तक मागे उरले नाही. मग आज ते नियम जुळवायचे कसे? न्यायालयात करतात तसेच, साक्षीदार तपासून.

पहिला साक्षीदार कवी. व्हर्जिल इ.स.पूर्व 19 मध्ये वारला. त्याच्या ‘इनीड’ महाकाव्याच्या पाचव्या सर्गात मुलांच्या तीन तुकड्या आहेत. प्रत्येक नायकामागे बारा स्वार. चाबूक कडाडताच त्या फुटतात, उलट फिरून एकमेकांवर भाले रोखतात, वर्तुळात वर्तुळ गुंफतात आणि अखेर तह करून बरोबरीने दौडतात. या गुंफणीला कवीने क्रीट बेटावरील चक्रव्यूहाची उपमा दिली आहे.

दुसरा साक्षीदार चरित्रकार सुएटोनियस. ज्युलियस सीझरने इ.स.पूर्व 46 मध्ये भरविलेल्या खेळांत मोठ्या मुलांची एक व लहान मुलांची एक, अशा दोनच तुकड्या होत्या, असे त्याच्या लिखाणावरून दिसते.

तिसरा साक्षीदार मातीची सुरई. इटलीत त्राल्यातेल्ला येथे सापडलेली ही सुरई व्हर्जिलच्या सुमारे सहाशे वर्षे आधीची. तिच्यावर सात फेऱ्यांचा चक्रव्यूह, त्यात ‘ट्रुइया’ ही अक्षरे आणि शेजारी दोन घोडेस्वार कोरले आहेत.

आता तुकड्या दोन की तीन? दोघांची सरासरी काढून चालणार नाही. कवी पुराणकथा सांगतो, चरित्रकार घडलेला प्रसंग सांगतो. म्हणून सीझरच्या खेळापुरते ‘दोन’ मानावे. मुलांनी घोड्यावर बसून फुटणे, भिडणे व गुंफणे, हा खेळाचा गाभा. जमिनीवर चक्रव्यूह आखत असत, असे मात्र सुरईच्या चित्रावरून ठामपणे म्हणता येत नाही. कवीच्या वर्णनात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, हेही ध्यानात घ्या. ही स्पर्धा नव्हे, कवायत होती.

आणि ती धोक्याची होती. असिनियस पोलिओ याच्या नातवाचा पाय मोडला. आजोबांनी सिनेटमध्ये कडक शब्दांत तक्रार केली आणि सम्राट ऑगस्टसने हा खेळ थांबविला. पुढे इ.स. 47 मध्ये तो पुन्हा झाला, तेव्हा बाल नीरो स्वारांत होता.

मित्रांनो, सम्राटांच्या खेळाची ही गत, तर आपल्या अंगणातल्या खेळांचे काय? आज घरी गेल्यावर दादीला किंवा नानीला विचारा : तुम्ही लहानपणी काय खेळत होता? गडी किती? डाव कोणावर येई? बाद कधी होत? उत्तरे वहीत तारखेसह लिहा. दोघींची उत्तरे वेगळी आली तर एक खोडू नका, दोन्ही लिहा. उद्याच्या इतिहासकाराचे पहिले साक्षीदार तुम्हीच आहात.