मेंदूतील कॅल्शियमचे ठिपके : प्रतिमांकनाद्वारे कारणांचा शोध

मेंदूत साचलेले कॅल्शियम क्ष-किरणांच्या छायाचित्रात पांढरे उमटते. परंतु ते कशामुळे साचले, हे छायाचित्र सांगत नाही. तृतीयनेत्र ग्रंथीत वयोमानानुसार साचणारे कॅल्शियम तर रोगच नव्हे. कारणाचा शोध बहुधा अन्यत्र घ्यावा लागला. भारताशी निगडित असलेला पट्टकृमीचा इतिहास याचे ठळक उदाहरण आहे.

हिंदुस्थानात सेवा करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांपैकी काहींना कित्येक वर्षांनी अपस्माराचे झटके येऊ लागत. १९३० च्या दशकात लष्करी वैद्यक विल्यम मॅकआर्थर यांनी यामागे डुकरातील पट्टकृमीच्या अळ्या असल्याचे निदर्शनास आणले. मेंदूतील मृत अळ्यांत कॅल्शियम उशिरा व अल्प साचत असल्याने कवटीच्या छायाचित्रात बहुधा काहीच दिसत नसे. स्नायूंतील अळ्या मात्र तांदळाच्या दाण्यांसारख्या स्पष्ट दिसत. मेंदूच्या विकाराचा पुरावा असा मांडीच्या छायाचित्रात सापडला! डिक्सन व लिप्सकोम यांनी १९६१ मध्ये अशा ४५० रुग्णांचा दीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला.

१९७१ मध्ये लंडन येथे सीटी स्कॅनचा रुग्णावर प्रथम वापर झाला आणि मेंदूतील सूक्ष्म ठिपकेही दिसू लागले. तथापि दिसणे म्हणजे ओळखणे नव्हे. भारतात झटके येणाऱ्या अनेक रुग्णांच्या मेंदूत एकच लहान गाठ आढळे. ती क्षयाची मानून क्षयाची औषधे दीर्घकाळ दिली जात. देशातील क्षयाचा प्रादुर्भाव पाहता हा तर्क अगदीच निराधार नव्हता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील चांडी, राजशेखर व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या अशा गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांत पट्टकृमीची अळी आढळली. हे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी निदानाचे निकष ठरविले. गाठ २० मिलिमीटरपेक्षा लहान असावी व मेंदूची मध्यरेषा सरकलेली नसावी, हे त्यांपैकी दोन. त्यामुळे अनेकांची शस्त्रक्रिया टळली. पुनर्तपासणीत कित्येक गाठी आपोआप नाहीशा झालेल्या, तर काहींच्या जागी कॅल्शियमचा ठिपका उरलेला दिसे.

मेंदूतील हा संसर्ग डुकराचे मांस खाल्ल्याने नव्हे, तर कृमीची अंडी अन्नपाण्यातून पोटात गेल्याने होतो. म्हणूनच तो शाकाहारी कुटुंबांतही आढळतो. कॅल्शियमचा हा ठिपका बरी झालेली जखम समजला जाई. परंतु झटक्यानंतर केलेल्या एमआरआय तपासणीत काही रुग्णांच्या ठिपक्याभोवती नव्याने सूज आल्याचे दिसून आले.