ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठीही बडोद्याच्या ग्रंथालयात एक विभाग होता

तुमच्या गावात किंवा वॉर्डात एक पाटी नक्की असेल. ‘शासनमान्य सार्वजनिक वाचनालय’. आत चार-पाच पेपर, दोन बाकं, कुलूप लावलेली कपाटं. पाटीवरचा ‘सार्वजनिक’ हा शब्द आपण वाचून पुढे जातो. पण सार्वजनिक म्हणजे नेमकं कुणासाठी? ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी? ज्याला तिथवर जाता येतं त्याच्यासाठी? की ज्याला यातलं काहीच जमत नाही, त्याच्यासाठीसुद्धा?

या प्रश्नाचं सगळ्यात धाडसी उत्तर शंभरेक वर्षांपूर्वी एका मराठी राजाने दिलं होतं. महाराष्ट्रात नाही, बडोद्यात.

सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ साली दत्तक जाऊन ते बडोद्याचे महाराज झाले. १९०६ मध्ये त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मात्र त्यातून नवी अडचण पुढे आली. मुलं चार इयत्ता शिकायची, शाळा सोडायची, शेतात जायची आणि काही वर्षांत अक्षरं विसरायची. कारण गावात वाचायला काही नव्हतंच. शाळेवर केलेला खर्च असा वाया जाऊ द्यायचा नसेल तर पुस्तक गावात पोहोचलं पाहिजे, हे महाराजांच्या लक्षात आलं.

अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. मग १९१० मध्ये त्यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालालाच बडोद्याला बोलावून घेतलं. बॉर्डन जेमतेम तीन वर्षं राहिले. पण तेवढ्या काळात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं आणि १९११ मध्ये भारतातला ग्रंथपालांसाठीचा पहिला प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. महाराजांनी राजवाड्यातला स्वतःचा संग्रह या ग्रंथालयाला देऊन टाकला.

इथपर्यंत गोष्ट एखाद्या चांगल्या संस्थानिकाची वाटते. खरी गंमत पुढे आहे.

बडोदा संस्थान नकाशावर सलग नव्हतं. तुकडे विखुरलेले, त्यात शेकडो खेडी. प्रत्येक खेड्यात ग्रंथालय बांधणं शक्य नव्हतं. म्हणून फिरतं ग्रंथालय निघालं. लाकडी पेटीत थोडी निवडक पुस्तकं भरायची आणि पेटी गावी पाठवायची. तिथे ती वाचून झाली की परत मागवायची आणि दुसरी धाडायची. पेटीच्या वाहतुकीचा खर्च सरकारचा, गावाला फी नाही.

आता ज्यांना अक्षरओळखच नाही त्यांचं काय? त्या काळात असे लोक बहुसंख्य होते. त्यांना ‘आधी शिकून या’ असं सांगणं सोपं होतं. बडोद्याने तसं केलं नाही. ग्रंथालय खात्यातच एक दृश्य शिक्षण विभाग उघडला. त्याची माणसं मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेच्या चित्रपट्ट्या पडद्यावर दाखवणारं यंत्र, आणि पुढे सिनेमाचं यंत्र घेऊन हिंडायची आणि फुकट खेळ दाखवायची. ग्रंथालयाचं काम लोकांपर्यंत ज्ञान नेणं आहे, पुस्तक हा त्याचा फक्त एक मार्ग आहे, हा विचार आज आपल्याला ‘मल्टिमीडिया’ वगैरे नावांनी नवा म्हणून विकला जातो.

बायकांसाठी वेगळं ग्रंथालय होतं, मुलांसाठी वेगळा विभाग. बायकांना वेगळं बसवणं आज खटकेल. पण परपुरुषांच्या गर्दीत बसून वाचणं ज्या काळात अनेकींना घरातून मंजूरच झालं नसतं, त्या काळात वेगळी खोली असणं म्हणजे दार उघडणं होतं.

भाषेचा प्रश्नही होताच. राज्यकर्ते मराठी, बहुसंख्य प्रजा गुजराती आणि वरच्या कारभारात इंग्रजी. अशा ठिकाणी दरबाराची भाषा सगळ्यांवर लादली जाते, हा नेहमीचा अनुभव. पण १९१२ मध्ये या खात्याचं ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं नियतकालिक निघालं तेव्हा त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांना जागा होती.

आणि पैसा? ही योजना मला सगळ्यात हुशार वाटते. गावाने वर्गणीतून जेवढी रक्कम जमवायची, तेवढीच सरकारने घालायची आणि तेवढीच प्रांत पंचायतीने. म्हणजे गावाच्या एका रुपयाचे तीन रुपये व्हायचे, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. गावाला भीकही नाही आणि गाव वाऱ्यावरही नाही.

अर्थात दार उघडं ठेवलं की सगळे आत येतातच असं नाही. याच बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये याच शहरात, जातीमुळे, राहायला जागा मिळाली नव्हती. महाराजांचा हुकूम दप्तरापर्यंत पोहोचतो, शेजाऱ्याच्या मनापर्यंत पोहोचतोच असं नाही. ग्रंथालय ‘सगळ्यांचं’ आहे असं म्हणताना हे विसरून चालत नाही.

आता महाराष्ट्राकडे येऊ. इथली गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. बहुतेक जुनी ग्रंथालयं गावातल्या मंडळींनी संस्था काढून, वर्गणी गोळा करून चालवली. १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला, तेव्हा सरकारने हीच पद्धत कायम ठेवली. ग्रंथालय संस्थेचं, मान्यता आणि अनुदान सरकारचं. दर्जानुसार अ, ब, क, ड असे वर्ग.

तमिळनाडू आणि कर्नाटकात मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर गोळा होतो. आपल्या कायद्यात असा उपकर नाही. त्यामुळे आपली ग्रंथालयं राज्याच्या अर्थसंकल्पावर आणि स्थानिक मंडळींच्या उत्साहावर चालतात. जिथे मंडळी खमकी, तिथे व्याख्यानमाला, बालविभाग, दिवाळी अंकांची योजना, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, सगळं असतं. जिथे उत्साह आटला, तिथे एक कपाट आणि तुटपुंज्या मानधनावर काही तास येणारा एक कर्मचारी. दोन्हीवर पाटी मात्र तीच.

अभ्यासिकेला नाकं मुरडणारे बरेच भेटतात. ‘पोरं पुस्तकं वाचत नाहीत, नुसती जागा अडवतात.’ पण एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या घरातल्या मुलीला शांत टेबल, दिवा आणि पंखा मिळणं ही ग्रंथालयाची सेवाच आहे. गोष्टीचं पुस्तक घरी नेणारा जितका वाचक, तितकीच तीही.

बडोद्याची पेटीसुद्धा संपलेली नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम २००९ पासून मराठी पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे पाठवतो. त्या दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी माणसांपर्यंतही गेल्या आहेत. पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात पोर्तुगीज काळातले ग्रंथ, कोकणी-मराठी पुस्तकं आणि ब्रेल विभाग एकाच इमारतीत आहेत. याची सुरुवात १८३२ ची. अंध वाचक, पोर्तुगीज कागदपत्रं धुंडाळणारा संशोधक आणि शाळकरी पोरगं, तिघांनाही एकाच दारातून आत जाता येतं.

मग तुमच्या पाटीवाल्या वाचनालयाचं काय? बहुतेक ठिकाणी पेपर वाचायला पैसे लागत नाहीत, पुस्तकं घरी न्यायला थोडी अनामत आणि वर्गणी लागते. हवं ते पुस्तक नसेल तर ग्रंथपालांना सांगा, नवी खरेदी करताना अशा मागण्यांचा उपयोग होतो. ब्रेल किंवा बोलकी पुस्तकं, मुलांचा कोपरा, हिंदी-उर्दू पुस्तकं, आजारी ज्येष्ठांना घरपोच सेवा, हे कुणी मागितलंच नाही तर समितीच्या बैठकीत त्याचा विषयही निघत नाही. आणि एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. ग्रंथालयाचा वर्ग ठरवताना पुस्तकं आणि नियतकालिकांबरोबर सभासदांची संख्याही पाहिली जाते. वर्गावर अनुदान ठरतं. त्यामुळे तुम्ही पावती फाडून सभासद झालात, तर तुमची नोंद वर्गणीच्या वहीत होतेच, शिवाय दरवर्षी सरकारकडे जाणाऱ्या अहवालातही होते.