१९५७ : चार चित्रपट, चार सरकारी कागद

१/ हिंदी चित्रपटाच्या चाहत्याला आवडते वर्ष एकच निवडायला सांगितले, तर पुष्कळांचे बोट १९५७ वर थांबते. त्या वर्षी 'प्यासा', 'नया दौर', 'दो आँखें बारह हाथ' आणि 'मदर इंडिया' हे चार चित्रपट पडद्यावर आले. दिग्दर्शक चार, शैली चार, उत्तरेही चार. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर त्यांमागचा प्रश्न एकच असल्याचे ध्यानात येते. हा थ्रेड त्या प्रश्नाविषयी.

२/ आधी काळाची ओळख. स्वातंत्र्याला दहा वर्षे पुरी होत होती आणि १८५७ च्या उठावाची शताब्दी साजरी होत होती. वर्षाच्या पूर्वार्धात दुसरी सार्वत्रिक निवडणूक पार पडली. एप्रिलमध्ये केरळात कम्युनिस्ट मंत्रिमंडळ निवडणुकीच्या मार्गाने सत्तेवर आले. १ एप्रिलपासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. मुंबई त्या वेळी द्विभाषिक राज्याची राजधानी होती आणि संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन ऐन भरात होते.

३/ या चार चित्रपटांतील एक साम्य सहसा नजरेतून सुटते. चारही कथांत अन्याय आहे, पण तो करणारा इंग्रज नाही. अन्याय करतात प्रकाशक, गिरणीमालकाचा मुलगा, बाजारातले व्यापारी आणि गावचा सावकार. परका राज्यकर्ता निघून गेल्यावर दुःखाचे खापर त्याच्या माथी फोडण्याची सोय उरली नव्हती. मग आता जबाबदार कोण? १९५७ चा प्रश्न तो हाच.

४/ गंमत अशी की हाच प्रश्न त्याच काळात दिल्लीतील समित्या, कायदे आणि योजनाही सोडवू पाहत होत्या. या प्रत्येक चित्रपटाशेजारी एक सरकारी कागद किंवा शासकीय प्रयोग ठेवता येतो. चित्रपटाने तो कागद वाचला होता असे म्हणण्याचे कारण नाही. एकाच जखमेकडे दोघे दोन बाजूंनी पाहत होते, एवढेच.

५/ पहिला 'प्यासा'. फेब्रुवारी १९५७. दिग्दर्शक आणि नायक गुरुदत्त. त्यांची चित्रपटसृष्टीतील उमेदवारी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत झाली होती. देव आनंद आणि रहमान हे मित्र त्यांना तिथेच भेटले, आणि 'प्यासा'तल्या श्रीमंत प्रकाशकाच्या भूमिकेत तेच रहमान उभे राहिले. पटकथालेखन अबरार अल्वी यांचे, छायालेखन व्ही. के. मूर्ती यांचे, संगीत सचिनदेव बर्मन यांचे.

६/ कथा कलकत्त्यात घडते. विजय या कवीच्या कविता त्याचे सख्खे भाऊ रद्दीत विकतात. त्या जपून ठेवते ती गुलाबो, एक वेश्या. पुढे विजय मेला अशी समजूत होते, आणि जिवंतपणी ज्याला कोणी दाराशी उभे केले नाही, त्याच्या पुस्तकावर उड्या पडतात. आपल्याच पुण्यतिथीच्या सभेत तो येऊन उभा राहतो. त्याला कवी म्हणून डोक्यावर घेण्यास जग तयार आहे. विजयच ते जग नाकारतो आणि गुलाबोसह निघून जातो.

७/ या चित्रपटातील वेश्यावस्तीचे गीत साहिर लुधियानवी यांच्या 'चकले' या नज्मेवरून घेतलेले आहे. ही नज्म 'तल्ख़ियाँ' या संग्रहातली, आणि तो संग्रह प्रथम प्रसिद्ध झाला तो इंग्रजी अमलात. मूळ ध्रुवपद जड फारसी वळणाचे होते. पूर्वेच्या पावित्र्याचे गोडवे गाणाऱ्यांना ते जाब विचारत होते. चित्रपटासाठी ते सोपे केले गेले आणि जाब विचारला गेला तो देशाचा अभिमान मिरवणाऱ्यांना. शब्द थोडेच बदलले, आरोपी मात्र पुरता बदलला. पारतंत्र्यातील कविता स्वतंत्र राष्ट्रावरील आरोपपत्र झाली.

८/ आता शेजारचा कागद. १९५६ मध्ये संसदेने स्त्रिया व मुली यांच्या अनैतिक व्यापारास आळा घालणारा कायदा संमत केला. कुंटणखाना चालवणे आणि दलाली करणे हे त्याने गुन्हे ठरवले. शासनाने प्रश्न ओळखला होता, हे यातून दिसते. पण कायद्याच्या भाषेत गुलाबोला नाव नाही, आवड नाही, कवितेची समज नाही. वहीदा रहमान यांनी उभी केलेली गुलाबो ही कोणी सोडवून आणावी अशी अबला नाही. साऱ्या कथेत कवीची खरी वाचक तीच आहे.

९/ दुसरा 'नया दौर'. तो प्रदर्शित झाला तो दिवसच बोलका आहे : १५ ऑगस्ट १९५७. निर्माते-दिग्दर्शक बी. आर. चोप्रा, कथा अख्तर मिर्झा यांची. चित्रीकरणाचा मोठा भाग भोपाळजवळच्या बुधनी परिसरात झाला. नायिकेच्या भूमिकेसाठी आधी मधुबालाची निवड झाली होती. बाहेरगावी चित्रीकरणास पाठवण्यास तिच्या वडिलांनी नकार दिला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि ती भूमिका वैजयंतीमाला यांच्याकडे आली.

१०/ गावात गिरणीमालकाचा मुलगा आधी लाकूड कापण्याचे यंत्र आणतो, मग भाविकांसाठी बस. लाकूडतोड्यांचे हात रिकामे होतात आणि टांगेवाल्यांची भाकरी जाते. टांगेवाला शंकर (दिलीपकुमार) बसशी शर्यत लावतो. त्यासाठी सारे गाव मिळून नवा रस्ता बांधते. टांगा जिंकतो. शंकर मात्र यंत्र मोडून टाका असे म्हणत नाही. यंत्र असावे, पण त्यात कष्टकऱ्याचीही भाकरी असावी, अशी त्याची मागणी आहे.

११/ हा शेवट अनेकांना भाबडा वाटतो. परंतु शेजारी दुसरी पंचवार्षिक योजना (१९५६-६१) ठेवावी. महालनोबीस यांच्या आराखड्यानुसार पैसा ओतायचा होता तो पोलाद आणि यंत्रसामग्रीत. मग हातांना काम कुठले? त्यासाठी १९५५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली ग्राम व लघुउद्योग समिती नेमली गेली. अवजड यंत्रे मोठ्या कारखान्यांत, आणि रोजच्या वापराच्या वस्तू शक्यतो गावच्या कारागिराकडून, अशी तिच्या विचाराची दिशा होती. शंकरची तडजोड हीच योजनेची तडजोड होती.

१२/ गावाने बांधलेल्या रस्त्यालाही संदर्भ आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला होता आणि श्रमदान हा शब्द सरकारी पत्रकांत सर्वत्र दिसू लागला होता. गावाने आपला विकास आपण करावा अशी अपेक्षा होती. तो लोकांचा झाला का, हे तपासण्यासाठी जानेवारी १९५७ मध्ये बळवंतराय मेहता समिती नेमावी लागली. पडद्यावरचा रस्ता तीन तासांत पुरा झाला. पंचायतराज्याचा रस्ता तेव्हा कुठे आखला जात होता.

१३/ तिसरा 'दो आँखें बारह हाथ'. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक व्ही. शांताराम. कथा ग. दि. माडगूळकर यांची, संगीत वसंत देसाई यांचे. जेलर आदिनाथ खुनाच्या सहा कैद्यांना तुरुंगाबाहेर काढतो, ओसाड जमिनीवर नेतो, आणि भिंतींऐवजी केवळ विश्वासाच्या बळावर त्यांच्याकडून शेत पिकवून घेतो. भाजी स्वस्त विकली जाते म्हणून व्यापारी चिडतात. अखेर त्यांनी सोडलेल्या बैलांशी झुंजताना आदिनाथचा अंत होतो. प्रत्यक्ष चित्रीकरणातही बैलाच्या झुंजीत शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती.

१४/ ही कथा कल्पनेतून उगवलेली नाही. आजच्या सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. हा मुलूख औंध संस्थानचा. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तेथे बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. कैदी तेथे शेती करत आणि कुटुंबासह राहू शकत. माडगूळकर त्याच मुलखातले. घराजवळ घडलेली गोष्ट त्यांनी देशाला सांगितली.

१५/ कथा होताना एक मोठा बदल मात्र झाला. स्वतंत्रपूर हा एका संस्थानाच्या कारभाराचा भाग होता. त्याच औंधाने १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने लोकांना राज्यघटना दिली होती. पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी उत्तर प्रदेशात 'संपूर्णानंद शिबिरे' निघाली आणि वाराणसीनजीक चंद्रप्रभा नदीवरील धरणाच्या कामावर कैदी मोकळ्यावर राबले. वास्तवात ही सुधारणा संस्थेची होती. चित्रपटात ती एका संतप्रवृत्तीच्या अधिकाऱ्याची झाली, आणि त्याच्यानंतर काय, हा प्रश्न त्याच्या डोळ्यांच्या स्मृतीवर सोपवला गेला.

१६/ म्हणून चित्रपटाचे मोल कमी होत नाही. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वलही मिळाले. प्रेक्षकाला जे पटले ते असे : गुन्हेगार माणूस आहे, आणि माणूस बदलू शकतो. कारागृहाच्या नियमपुस्तिकेला हे वाक्य असे उच्चारता आले नसते.

१७/ चौथा 'मदर इंडिया'. २५ ऑक्टोबर १९५७. मेहबूब खान यांनी आपल्याच 'औरत' (१९४०) या चित्रपटाची कथा रंगीत आणि भव्य रूपात पुन्हा मांडली. कन्हैयालाल यांनी सुखीलाला सावकार दोन्ही चित्रपटांत रंगवला. नाव मात्र मुद्दाम निवडलेले. १९२७ मध्ये अमेरिकन लेखिका कॅथरीन मेयो यांनी याच नावाच्या पुस्तकात भारतीय समाजाची नालस्ती केली होती, आणि गांधीजींनी त्याची संभावना गटार तपासनिसाचा अहवाल अशी केली होती. चित्रपटाचे नाव ऐकून १९५५ मध्ये दोन केंद्रीय मंत्रालयांनी संशयाने संहिता मागवली. मेहबूब यांच्याकडून खुलासा गेला की हा त्या पुस्तकाला दिलेला जबाब आहे.

१८/ कथेच्या मुळाशी एक कर्ज आहे. सासूने लग्नासाठी काढलेले कर्ज, न वाचता येणारी चोपडी, आणि वर्षानुवर्षे सावकाराच्या घरी जाणारे धान्य. येथे ठेवायचा कागद म्हणजे अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल (१९५४). अध्यक्ष ए. डी. गोरवाला, सदस्यांत धनंजयराव गाडगीळ. १९५१-५२ च्या या पाहणीनुसार शेतकऱ्याच्या कर्जात सावकारांचा वाटा सुमारे ७० टक्के होता, आणि सहकारी संस्थांचा जेमतेम ३ टक्के. सुखीलाला ही अतिशयोक्ती नव्हती. तो सरासरी होता.

१९/ राधेच्या (नर्गिस) दोन मुलांपैकी बिरजू (सुनील दत्त) चोपड्या जाळतो, सावकाराला मारतो, आणि त्याच्या मुलीला पळवून नेऊ लागतो. तेव्हा आई स्वतःच्या मुलावर गोळी झाडते. गावच्या मुलीची अब्रू ती पोटच्या मुलाहून मोठी मानते. चित्रपट सुरू होतो आणि संपतो तो कालव्याच्या उद्‌घाटनाने. खादीधारी पुढारी वृद्ध राधेला पाणी सोडायला लावतात, आणि ते पाणी क्षणभर रक्तासारखे लाल दिसते.

२०/ त्या लाल पाण्यात १९५७ चा सारा पेच आहे. नवे राष्ट्र कालवा देते. पण त्याची किंमत आधीच कोणीतरी चुकती केलेली असते, आणि ती बाई असते. बिरजूचा संताप खोटा होता असे चित्रपट म्हणत नाही. तो हिंसेवाटे आला, म्हणून त्याला जागा नाही. कर्जाचे गणित मात्र शेवटपर्यंत सुटत नाही. ते सोडवण्यासाठी ३ टक्क्यांचा आकडा वाढवावा लागणार होता, आणि ते काम गोळीचे नव्हते.

२१/ चार कागद आणि चार चित्रपट एकत्र वाचले की दोघांच्याही उणिवा उघड्या पडतात. कागदाला माणूस दिसत नाही. चित्रपटाला संस्था दिसत नाही. पडद्यावर पीडा नेहमी एका थोर व्यक्तीच्या त्यागाने सुटते : आई मुलाला मारते, जेलर प्राण देतो, कवी निघून जातो. अपवाद 'नया दौर'चा. तेथे गाव फावडे हाती घेते. मात्र त्याचे नेतृत्वही एका नायकाकडेच राहते.

२२/ चित्रपट हा काळाचा आरसा असतो, हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. त्याच वर्षी 'नौ दो ग्यारह' आणि 'तुमसा नहीं देखा' हे हलकेफुलके चित्रपटही आले. त्यांतला तरुण राष्ट्रबांधणीचा भार वाहत नव्हता. ३ ऑक्टोबरला आकाशवाणीने विविध भारती सुरू करून, वर्षानुवर्षे दूर ठेवलेल्या चित्रपटसंगीताला मानाने दार उघडले. एका वर्षाचे मन एकजिनसी नसते. साधनांच्या यादीत चित्रपट जरूर असावा, पण शेजारी अहवाल ठेवून.

२३/ हे चार चित्रपट नव्याने पाहणाऱ्याने प्रत्येक वेळी एवढेच विचारावे : या कथेतला नायक वजा केला, तर उरलेल्यांचे काय होईल? गुलाबोचे, टांगेवाल्यांचे, सहा कैद्यांचे, राधेच्या शेजारणींचे? त्या उरलेल्यांची सोय लावणे हे कायद्याचे, पतसंस्थेचे आणि पंचायतीचे काम होते. १९५७ च्या प्रेक्षकाने चित्रपटगृहात अश्रू ढाळले. बाहेर पडल्यावर ते काम त्याचीच वाट पाहत होते.