द्वाड पोरांचे काय करावे?

शिक्षकांच्या बैठकीत हा प्रश्न निघाला, की कोणीतरी ‘नाव कमी करा’ म्हणतोच. या उत्तराला मोठा इतिहास आहे. मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १८७६ व १८९७ च्या कायद्यांनी अशा शाळांना सरकारी चौकट दिली. तुरुंगापेक्षा शाळा बरी, हा विचार त्या काळी पुढारलेलाच होता. पण मूल गुन्हेगार ठरल्यावाचून त्या कायद्यांचे दार उघडत नसे.

१९२४ हे वर्ष मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा झाला. त्याच वर्षी भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. खुद्द भाऊरावांना विद्यार्थिदशेत कोल्हापुरच्या बोर्डिंगातून शिस्त मोडल्याबद्दल काढून टाकले होते. मोडलेली शिस्त होती शिवाशिवीची! त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राबत, एकत्र जेवत. साने गुरुजीही त्याच साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात आले. पुढे छात्रालय सांभाळताना मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, अंथरुणे आवरीत. ओशाळून मुले आपणच आवरू लागत. दोघांनीही मुलाला बाहेर न धाडता जवळ घेतले.

इंग्लंडात १९९९ पासून सरकारी योजनेतून शहरी शाळांत अशा मुलांसाठी निराळे वर्ग निघाले. मुलाने काही दिवस तेथे शिकावे व आपल्या वर्गात परतावे, ही कल्पना. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पुरे होईतो मुलाला काढून टाकण्यास बंदी केली, छडीही गेली. पण छडीच्या जागी काय, हे मात्र शिक्षकाने आपले आपण शोधायचे.

आमच्या मेढ्याच्या मुलखात तर हे शोधावेच लागते. जावळीतली कितीतरी कर्ती माणसे मुंबईत माथाडीची कामे करतात. पोरगे गावी आजीपाशी. अशा मुलाने बाक आपटला, तर त्याला हवी असते शाळेतच एखादी खोली आणि तासभर ऐकून घेणारे माणूस. मात्र त्या खोलीचे दार वर्गाकडे उघडणारे हवे. नाहीतर ती अडगळीची खोली होईल, आणि ‘नाव कमी करा’ हेच जुने उत्तर नव्या पाटीखाली चालू राहील.