कोणापासून ऐकलें?

परतवाड्याच्या लाकूड-आगारांत मेळघाटांतून आलेले सागाचे ओंडके ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना ओंडक्यावर मारलेला हातोड्याचा छाप आठवत असेल. हा छाप आणि सोबतचा वाहतुकीचा परवाना पाहिला म्हणजे लाकूड कोणत्या जंगलांतून आलें तें कळतें. छाप नसला म्हणजे लाकूड वाईटच असतें असें नाहीं. परंतु घेणाऱ्याच्या मनांत संशय राहतो. लाकडाच्या बाबतींत आपण इतके दक्ष असतों. शब्दांच्या बाबतींत मात्र नसतों. एका ग्रंथांतून दुसऱ्या ग्रंथांत मजकूर उतरतो, आणि तो मूळचा कोणाचा ही खूण वाटेंतच गळून पडते. ही खूण जपण्याचा एक फार जुना प्रयत्न आपल्या वऱ्हाडाशीं निगडित आहे. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

परतवाड्याहून पूर्वेस चांदूर बाजारच्या वाटेनें गेलें म्हणजे पुढें रिद्धपूर लागतें. महानुभाव पंथाचें हें मोठें क्षेत्र. चक्रधरस्वामींचे गुरु गोविंदप्रभु येथलेच. इ. स. १२७४ च्या सुमारास स्वामी दृष्टीआड झाल्यावर त्यांचे विरहानें व्याकुळ झालेले शिष्य येथें गोविंदप्रभूंच्या सान्निध्यांत जमले. नागदेवाचार्य त्यांत प्रमुख होते. स्वामी काय बोलले, कोठें बसले, कोणास काय उत्तर दिलें, या आठवणी निघत आणि विरून जात. त्या लिहून ठेवाव्या असें म्हाइंभटांच्या मनानें घेतलें, आणि इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्राच्या रचनेस आरंभ झाला.

म्हाइंभट विद्वान होते. स्वामींना ते स्वतः भेटलेही होते. आपल्या आठवणींवर थोडीफार कल्पना चढवून एक सुरेख चरित्र त्यांना सहज लिहितां आलें असतें. तसें त्यांनीं केलें नाहीं. जो प्रसंग ज्यानें पाहिला, त्याच्याकडे जाऊन त्यालाच विचारावें, अशी त्यांची रीत होती. सांगणारा पंडित आहे कीं साधा माणूस आहे हें त्यांनीं पाहिलें नाहीं. तो तेथें हजर होता कीं नाहीं, एवढेंच पाहिलें.

पुढें, चौदाव्या शतकाच्या आरंभीं, दिल्लीच्या सैन्याच्या धामधुमींत मूळ प्रत नाहींशी झाली, असें पंथाची परंपरा सांगते. आतां उरलें होतें तें केवळ पाठांतर. हिराइसा नांवाची शिष्या, परशरामबास, रामेश्वरबास अशा मंडळींच्या स्मरणांतून ग्रंथ पुन्हां उभा करावयाचा होता. तो उभा राहूं लागला तेव्हां एक अडचण दिसून आली. एकाच लीळेची दोघांची आठवण जुळेना. एकाच्या सांगण्यांत एक शब्द अधिक, तर दुसऱ्याच्या सांगण्यांत प्रसंगाचें स्थळच निराळें.

अशा वेळीं दोन सोपे मार्ग असतात. एकाचें सांगणें खरें मानून बाकीचीं टाकून द्यावीं, हा एक. सगळ्यांचें मिश्रण करून गुळगुळीत मजकूर बनवावा, हा दुसरा. या मंडळींनीं तिसरा, कष्टाचा मार्ग धरला. भेद असेल तेथें तो भेदच नोंदला, आणि पुष्कळ ठिकाणीं ज्याचा पाठ त्याचें नांव जोडलें. अशा निराळ्या आठवणीला त्यांच्या परिभाषेंत 'वासना' म्हणतात, आणि चौकशीअंतीं मिळालेल्या माहितीला 'शोध' म्हणतात. ज्या वचनांवर त्यांचा मोक्ष अवलंबून होता, त्या वचनांविषयींही आपली खात्री नाहीं तेथें तशी कबुली देण्यास ते कचरले नाहींत. आणि चौदाव्या शतकांतील एका स्त्रीची स्मृति तिच्या स्वतःच्या नांवानें आपल्यापर्यंत पोहोंचली, ती या कबुलीमुळेंच. विसाव्या शतकांत ह. ना. नेने यांनीं, आणि पुढें १९७८ सालीं वि. भि. कोलते यांनीं लीळाचरित्र संपादून छापलें, तेव्हां पाठांची पारख करण्यास या खुणांचा आधार मिळाला.

आज हाच प्रश्न नव्या रूपानें पुढें आला आहे. अमुक गांव अमुक जिल्ह्यांत आहे, अमुक ग्रंथ अमक्याचा आहे, अशीं कोट्यवधि लहान विधानें परस्परांशीं गुंफून यंत्रांत प्रचंड ज्ञानजालें विणलीं गेलीं आहेत, आणि एका जालांतील विधानें दुसऱ्यांत उतरवलीं जातात. गूगलनें आपलें फ्रीबेस नांवाचें ज्ञानजाल बंद करण्याचें २०१४ च्या डिसेंबरांत जाहीर केलें, आणि त्यांतील सामग्री २०१२ सालीं सुरू झालेल्या विकिडेटाला देऊं केली. सामग्री अफाट होती. परंतु पुष्कळ विधानांना आधाराचा उल्लेखच नव्हता. तेव्हां विधान जसेंच्या तसें न घेतां, आधार जोडून माणसांनीं तें तपासावें अशी व्यवस्था करावी लागली. लाकूड होतें, छाप नव्हता!

छाप नसल्याचा खरा धोका पुढें दिसतो. एका जालानें दुसऱ्याची चूक उतरली, तिसऱ्यानें पहिल्याची उतरली, म्हणजे एकच साक्षीदार तीन तोंडांनीं बोलूं लागतो, आणि ऐकणाऱ्यास वाटतें कीं तिघांचें एकमत आहे. म्हणून २०१३ सालीं जागतिक जालाच्या मानकमंडळानें उगमाच्या नोंदीची पद्धत ठरवून दिली. वस्तु कोणती, ती कोणत्या कृतीनें सिद्ध झाली, आणि तिला जबाबदार कोण, हीं तिचीं मुख्य अंगें. लीळा कोणती, ती कशी मिळाली, आणि कोणापासून ऐकली, हें रिद्धपूरच्या मंडळींना निराळें शिकवावें लागलें नसतें.

अर्थात् छाप म्हणजे सत्याची हमी नव्हे. छाप असलेला ओंडकाही आंतून पोकळ निघूं शकतो. हिराइसेची आठवणही एखादे ठिकाणीं चुकली असेल. परंतु नांव असलें म्हणजे चूक कोठें झाली हें शोधण्यास मागें जातां येतें. नांव गेलें कीं ती वाटच बंद होते.

२०२४ पासून रिद्धपूर येथें मराठी भाषेचें विद्यापीठ सुरू झालें आहे. तेथील विद्यार्थी जुन्या पोथ्या यंत्रांत उतरवूं लागतील, तेव्हां अक्षरें तर उतरतीलच. त्यांच्याबरोबर हिराइसेचें आणि परशरामबासाचें नांवही उतरलें पाहिजे. सातशें वर्षें एका प्रतींतून दुसऱ्या प्रतींत तें जपून आणलें गेलें आहे. तें आपल्या हातून गळतां कामा नये.