अ‍ॅडिपोनेक्टिन : उच्च रक्तदाब व इन्सुलिन प्रतिरोधाचे सूचक प्रथिन

अ‍ॅडिपोनेक्टिन हे मुख्यत्वे मेदपेशींत तयार होऊन रक्तात मिसळणारे प्रथिन आहे. १९९५-९६ दरम्यान अमेरिका आणि जपानमधील संशोधकांनी ते स्वतंत्रपणे शोधले. यकृतातील ग्लुकोजनिर्मितीला आवर घालणे, स्नायूंत मेदाम्लांचे ज्वलन वाढवणे आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराचे रक्षण करणे, ही त्याची प्रमुख कार्ये मानली जातात.

हे प्रथिन मेदपेशीच तयार करत असल्या तरी लठ्ठपणात, विशेषतः पोटाभोवती मेद साचल्यास, त्याचे रक्तातील प्रमाण घटते. इन्सुलिन प्रतिरोध, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेल्यांमध्येही ते सामान्यतः कमी आढळते. समान वजनाच्या युरोपीय व्यक्तींच्या तुलनेत दक्षिण आशियाई वंशाच्या व्यक्तींमध्ये ते कमी असल्याचे दिसून आले आहे.

भारतासाठी ही बाब महत्त्वाची आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी नागरिकांना मधुमेह असून ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे.

तथापि, सूचक म्हणजे कारण नव्हे. अ‍ॅडिपोनेक्टिनची कमतरता हेच या विकारांचे मूळ असल्याचे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे त्याची चाचणी नेहमीच्या तपासण्यांत समाविष्ट नाही. रक्तदाब, रक्तशर्करा आणि कमरेचा घेर यांचे मोजमाप हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर धोक्याचा मानला जातो. वजन पुरेसे घटल्यास अ‍ॅडिपोनेक्टिनचे प्रमाणही वाढते.